‘विघटनशील’ : एका विशेषणाचा इतिहास

विशेषण विशेष्याचा गुण सांगते, ही व्याकरणातील व्याख्या ‘विघटनशील प्लॅस्टिक’ या शब्दप्रयोगास अपुरी पडते. विघटन हा केवळ पदार्थाचा गुण नव्हे. पदार्थ, सूक्ष्मजीव आणि स्थळ या तिहींचा तो संबंध होय.

या प्लॅस्टिकचा इतिहास मातीतच सुरू होतो. १९२६ च्या सुमारास मोरिस लेम्वान्य या फ्रेंच शास्त्रज्ञास मातीतील बॅसिलस मेगाटेरियम या जीवाणूत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे बहुवारिक आढळले. शेतकऱ्याच्या पेवातील धान्याप्रमाणे तो जीवाणूचा अन्नसंचय होता. असा संचय फोडून खाणारे जीवाणूही मातीत विपुल आहेत. ते पेशीबाहेर विकर स्रवतात. विकराने बहुवारिकाच्या लांब साखळ्या तुटतात. ते तुकडे पेशीत शोषले जाऊन, प्राणवायू असल्यास, त्यांचे अखेर कार्बन डायॉक्साइड व पाणी होते. १९९० साली या वर्गातील प्लॅस्टिकच्या शांपूच्या बाटल्या जर्मनीत विक्रीस आल्या.

पुढे हेच विशेषण पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लॅस्टिकलाही लागले. त्याच्या निर्मितीचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ साली पुणे जिल्ह्यातच, जेजुरीस, सुरू झाला. परंतु त्याचे विघटन त्वरेने व्हावयाचे तर औद्योगिक कंपोस्टातील सुमारे ५८ अंश सेल्सियसची उष्णता लागते.

आता लोणावळ्यालगतच्या कुसगावची माती डोळ्यांपुढे आणावी. मावळातील भातखाचरांत पावसाळाभर पाणी तुंबून प्राणवायू उणावतो, हिवाळ्यात माती गार पडते. कंपोस्टाची ती ऊब तेथे कोणत्याच ऋतूत टिकून राहत नाही. पहिल्या प्रकारचे प्लॅस्टिक तेथे जीवाणूंचे खाद्य ठरेल. द्रुतगती महामार्गावरून भिरकावलेला दुसऱ्या प्रकारचा पेला मात्र कित्येक वर्षे तसाच पडून राहील. विशेषण दोहोंस एकच आहे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याचे नाव ‘अविघटनशील’ कचऱ्यावरून पडले. त्याच कायद्यान्वये २३ मार्च २०१८ रोजी निघालेल्या अधिसूचनेने रोपवाटिका व शेती यांसाठीच्या कंपोस्टयोग्य पिशव्यांना सूट दिली. ‘कंपोस्टयोग्य’ या शब्दात निदान विघटनाचे स्थळ सूचित होते, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. तथापि ज्या पिशवीची योग्यता कंपोस्टात ठरली, ती वापरावयाची शेतात, हा विसंवाद उरतोच.

म्हणून ‘विघटनशील’ म्हणताना कोठे, किती काळात आणि किती उष्णतेत, हे सांगणे आवश्यक ठरते. ते न सांगितल्यास शब्दातील उणीव शेवटी शेतकऱ्याच्या खाचरात साचते.