पिप्पा का बुडत नाही? नगरचा रणगाडा आणि रबराची एक पट्टी

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका!)

आज आपण जातोय अहिल्यानगरला. म्हणजे आपल्या जुन्या नगरला. नगर म्हटलं की भुईकोट किल्ला आठवतो, चांदबिबीचा महाल आठवतो. पण याच शहरात रणगाड्यांचं एक संग्रहालय आहे. फेब्रुवारी 1994मध्ये सुरू झालेलं. तिथे जगभरातले जुने रणगाडे उघड्यावर ओळीनं उभे आहेत. त्यातल्या एकाचा आकार जरा वेगळाच. चपटा, रुंद, नाक पुढे काढलेलं. होडीला पट्टे लावल्यासारखा. हा पीटी-76. सोव्हिएत बनावटीचा, पाण्यात पोहणारा रणगाडा.

आपल्या जवानांनी त्याचं नाव ठेवलं 'पिप्पा'. पंजाबीत पिप्पा म्हणजे तुपाचा रिकामा डबा. का, तर डबा पाण्यावर तरंगतो आणि हासुद्धा तरंगतो. 2023मध्ये याच नावाचा सिनेमा आला, तुमच्यापैकी अनेकांनी तो फोनवर पाहिला असेल. पण सिनेमात जे फारसं दिसत नाही, त्यावर आज बोलू. डबा तरंगतो ते त्याला भोक नसतं म्हणून. आणि रणगाड्याला तर भोकंच भोकं असतात!

चौदा टनांचा हिशेब

पीटी-76चं वजन साधारण 14 टन. आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केलाय ना? 14 टन तरंगवायचे तर 14 टन पाणी बाजूला सारलं पाहिजे, म्हणजे सुमारे 14,000 लिटर. म्हणून त्याचं धड मोठं आणि पोकळ ठेवलं आणि चिलखत पातळ. मागे पाण्याचा झोत फेकणारी दोन यंत्रं. त्यांच्या जोरावर हा गडी पाण्यात ताशी 10 किलोमीटरच्या आसपास जातो.

आता भोकं मोजू. चालकाचं झाकण, वरचं झाकण, इंजिनाच्या जाळ्या, चाकांकडे जाणारे दांडे आणि सगळ्यात अवघड म्हणजे तोफेचा घुमट. तो गोल फिरतो. बंद झाकण घट्ट दाबून बसवता येतं, पण जो भाग हलायलाही हवा आणि पाणीही आत येता कामा नये, तिथे काय कराल? तिथे कामाला येतं रबर. सील, गॅस्केट, वायसर, काहीही म्हणा. घरात आपण त्याला 'कुकरची रिंग' म्हणतो.

तरी थोडं पाणी आत येतंच. त्यासाठी पाणी उपसणारे पंप असतात, आणि वीज गेलीच तर हातानं चालवायचा पंपही असतो. पाण्यात उतरण्याआधी पुढची लाट अडवणारी फळी उभी करायची, झाकणं लावायची, पंप तपासायचे. हे सगळं किनाऱ्यावर. नदीच्या मध्यावर 'अरे, रिंग बसवायची राहिली' म्हणून चालत नाही.

पाणी चुकांना माफ करत नाही

याचा धडा जगाला 1944 साली मिळाला. निकोलस स्ट्राउसलर या हंगेरीत जन्मलेल्या अभियंत्यानं साध्या रणगाड्याभोवती कॅनव्हासचा पडदा उभा करून तो तरंगवायची युक्ती काढली होती. रबरी नळ्यांत हवा भरली की पडदा उभा राहायचा. 6 जूनला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यासमोर एका अमेरिकन बटालियनचे असे 29 रणगाडे समुद्रात सोडले. लाटा उंच होत्या, पडदे टिकले नाहीत. 27 बुडाले. लोखंड आणि समुद्र यांच्यामध्ये कापडाचा एक थर होता, आणि तो हरला.

पीटी-76 याच्या पुढचा विचार होता. वेगळा पडदा नको, रणगाड्याचं धडच होडीसारखं करा. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला तो सोव्हिएत सैन्यात आला आणि 1960च्या दशकात आपल्याकडे.

1971: नद्यांचा देश

पूर्व बंगाल म्हणजे नद्या, खाड्या, दलदल. जड रणगाडे तिथे रुतायचे. 20 आणि 21 नोव्हेंबर 1971च्या दरम्यान गरीबपूरला 14 पंजाब आणि 45 कॅव्हलरीची पीटी-76ची एक तुकडी पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांना भिडली. पाकिस्तानी रणगाड्यांची तुकडी जवळजवळ संपली. आपल्या तुकडीचे प्रमुख मेजर दलजित सिंग नारग तिथे शहीद झाले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

मग डिसेंबरात मेघना नदी. पूल उडवलेला. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी सैनिक हेलिकॉप्टरनं पलीकडे नेले, आणि पीटी-76 पाण्यात उतरले. त्या मोहिमेच्या वर्णनांत एक गोष्ट येते. एवढी रुंद नदी पोहताना इंजिनं तापायची, मग स्थानिक लोकांच्या होड्यांनी रणगाडे ओढले. विचार करा. इंजिन बंद पडलं तरी होडी मदतीला येऊ शकते. पण आत पाणी भरू लागलं, तर 14 टनांना कोण ओढणार?

रबराचा शत्रू ऊन

आता नगरकडे परत येऊ. 1948पासून चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे. यांत्रिक पायदळाचं केंद्रही इथेच. त्या पायदळाची बीएमपी ही गाडीसुद्धा पाण्यात पोहते. म्हणजे पावसाची ओढ असलेल्या या जिल्ह्यात, धुळीत आणि उन्हात, जवान पोहणाऱ्या गाड्यांची विद्या शिकतात!

आणि रबराला नेमकं हेच सोसत नाही. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ओझोन त्याला तडे पाडतात. धूळ घासून झिजवते. एकाच जागी वर्षानुवर्षं दबून राहिलं की ते चपटं होतं, परत फुगत नाही. कुकरची रिंग सैल पडते ती तशीच. तेल-ग्रीसनं काही रबरं फुगून मऊ पडतात. म्हणून रबर कुठलं आहे ते पाहूनच वंगण लावायचं. गाडी नुसती उभी राहिली तरी सील म्हातारं होतं.

हेच गणित हौशी गाड्यांनाही लागू. महाराष्ट्रानं 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या भंडारदऱ्याच्या काठावर अशी गाडी दिसेल, जिची खोली खणासारखी बाहेर सरकते. तिथेही तोच प्रश्न: भाग हलतो, पण पाऊस आत नको. तिथे दोन रबरं असतात. एक पाणी निपटून काढतं, दुसरं दाबून बसतं. देखभाल साधी आहे. सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा, पूर्ण वाळवा, निर्मात्यानं सांगितलेलंच सिलिकॉन लावा, पेट्रोल-रॉकेल लावू नका. खोली आत घेण्याआधी तिच्या छतावरचा पालापाचोळा झाडा, नाहीतर तो रबर फाडतो. चीर दिसली की पट्टी बदला, चिकटपट्टीवर वेळ मारून नेऊ नका.

आणि हो, तुमच्या हातातला 'वॉटरप्रूफ' फोन? त्यातही अशीच सीलं आहेत. तीही जुनी होतात. तीन वर्षं वापरलेला, एकदा उघडून दुरुस्त केलेला फोन धबधब्याखाली नेताना पिप्पा आठवा.

इतिहासात मेघना ओलांडणाऱ्यांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात झाकणाच्या कडेवरून बोट फिरवून रबर तपासणारा कारागीर असतोच. त्याचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. गाडी पलीकडे पोचते, आणि बातमी दुसऱ्याच कशाची होते.

नगरला गेलात तर पिप्पासमोर जरा थांबा. तोफ सगळेच बघतात. तुम्ही झाकणांच्या कडा बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!