खाऱ्या पाण्याला पुरून उरणारं पातं

शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीला चाकू करायचाच नव्हता. १९१३ साली तो बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता. ऑगस्टमध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं गेलं. त्यावर व्हिनेगर नि लिंबाच्या रसाचीही मात्रा चालेना. नळ्या राहिल्या बाजूला, त्याला सुऱ्या दिसू लागल्या. गावातल्या सुरीवाल्यांनी मात्र ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ म्हणून त्याची टर उडवली.

जेवणाच्या टेबलावर हे पोलाद निभावलं. समुद्रावर नाही.

क्रोमियम पात्यावर ऑक्साइडचा अदृश्य थर धरतं, पण मिठातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं. धार टिकावी म्हणून कार्बन वाढवावा, तर तोच क्रोमियम गिळतो. घडीच्या चाकूची गत आणखी वाईट: बिजागरीच्या फटीत खारं पाणी साचतं, तिथे प्राणवायू पोचत नाही आणि फुटलेला थर पुन्हा धरत नाही. पातं लखलखीत, खिळ्यापाशी तांबूस डाग!

तोड जपानमधून निघाली. एच-१ पोलादात कार्बन जेमतेम ०.१५ टक्के, जोडीला थोडा नायट्रोजन. स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने सेकी शहरात त्याचे ‘सॉल्ट’ मालिकेतले चाकू बनवून घेतले. गंज जवळपास नाहीच. साधी धार मात्र लवकर बोथट होते. दातेरी धार जास्त टिकते, त्यामुळे जाळी-दोर कापायला तीच बरी. पुढे आलेल्या, नायट्रोजन जास्त असलेल्या एलसी२००एन पोलादाची धार अधिक टिकते. तरीही चाकू घेताना पात्याआधी स्क्रू पाहावेत. ते साध्या पोलादाचे असले की गंज तिथूनच शिरतो.