हलबचा दमेकरी

ज्या व्याधीस आपण दमा म्हणतो तिचे नाव फारसी आहे. दम म्हणजे श्वास, आणि ज्याचा श्वास हाच रोग होऊन बसला तो दमेकरी. त्याआधी आपल्याकडे चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगून त्यांतील तमकश्वासाचे जे वर्णन केले आहे, म्हणजे आभाळ भरून आले की वाढणारा, पूर्वेकडील वाऱ्याने व थंडीने बळावणारा, आडवे होऊ न देणारा आणि उठून बसले असता किंचित सुखावणारा, ते वाचताना, पाठीशी उशांची चळत रचून, गुडघ्यांवर कोपरे टेकून सारी रात्र बसून काढणारा घरातील एखादा वृद्ध आजही ज्याच्या डोळ्यांसमोर उभा राहणार नाही असा वाचक विरळाच. त्या वृद्धाजवळ अडुळशाचा काढा असे, आणि धीट असेल तर चिलमीत घालण्यास वाळलेला धोतरा. हा धोत्र्याचा धूर १८०२ च्या सुमारास मद्रासहून जनरल जेंट नामक सेनाधिकाऱ्यामार्फत इंग्लंडात पोहोचला, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपातील औषधी दुकानांतून दम्यासाठी धोत्र्याच्या सिगारेटी राजरोस विकल्या जात होत्या.

काढा असो, धूर असो, की नंतरच्या काळातील एफेड्रिन व अॅड्रेनॅलिन असो, या साऱ्या उपायांचे धोरण एकच होते: धाप लागली की ती उतरवावयाची. शत्रू वाड्यात शिरल्यावर त्यास हाकलण्याची ही रीत झाली. त्यास वेशीवरच अडविण्याची तजवीज करता येईल काय, हा प्रश्न ज्याने आपल्या स्वतःच्या फुप्फुसांना विचारला, त्या रॉजर अल्टून्यान या वैद्याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

अल्टून्यान हे कुलनाम आर्मेनियन. तुर्कीत सोन्याला अल्टुन म्हणतात, त्यावर आर्मेनियन कुलवाचक प्रत्यय चढला आहे. अलेप्पो शहरात, म्हणजे अरबांच्या हलबमध्ये, रॉजरच्या आजोबांनी रुग्णालय स्थापिले. वडील अर्नेस्ट हेही तेथेच वैद्यकी करीत, कविता लिहीत, आणि अरबस्तानात गाजलेल्या टी. ई. लॉरेन्सचे ते स्नेही होते. आई डोरा ही इंग्लंडच्या सरोवरप्रदेशातील कॉलिंगवूड घराण्यातील. इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर लिहिणारे आर. जी. कॉलिंगवूड, ज्यांचे नाव आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही, ते या मुलाचे सख्खे मामा. १९२२ साली जन्मलेल्या रॉजरचे बालपण अशा रीतीने दोन मुलखांत विभागलेले होते, आणि १९२८ च्या उन्हाळ्यात आजोळी, कॉनिस्टन सरोवरावर, ही भावंडे होड्या वल्हवीत असता आर्थर रॅन्सम या लेखकाने त्यांच्यावरून जी बालकादंबरी रचली आणि जी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सर्वांत धाकटा खलाशी म्हणून रॉजर हेच नाव कायम राहिले. इंग्रजी वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांना तो सात वर्षांचा रॉजर ठाऊक आहे. त्याच रॉजरने पुढे काय केले हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असावे.

लहानपणापासून त्याच्या कातडीवर इसब होते. महायुद्धात तो हवाई दलात वैमानिकांचा शिक्षक होता. युद्धानंतर केंब्रिज व लंडन येथे वैद्यकाचा अभ्यास करीत असता इसबाच्या जोडीस दमा आला. पदवीनंतर काही वर्षे त्याने अलेप्पोस वडिलांच्या रुग्णालयात काम केले. परंतु १९५६ साली सुएझचे प्रकरण पेटले आणि पिढीजात प्रतिष्ठेची पर्वा न करता राजकारणाने त्या कुटुंबास तो मुलूख सोडावयास लावला. इंग्लंडात परतलेला हा वैद्य चेशरमधील होम्स चॅपेल या गावी बेंजर्सच्या औषधी कारखान्यात संशोधक म्हणून रुजू झाला. आजाऱ्यांसाठी पचनास हलके असे अन्न बनविण्याबद्दल या बेंजर्सचे नाव घरोघर होते, आणि कारखाना एव्हाना फायसन्स या मोठ्या कंपनीच्या अखत्यारीत गेला होता.

आता खेल्ला या वनस्पतीकडे वळावयास हवे. ही आपल्या ओव्याच्या व बडीशेपेच्या कुळातील. भूमध्यसमुद्राच्या पूर्वकाठी व मिसर देशात तिच्या वाळलेल्या काड्या दात कोरण्यास वापरतात, आणि बियांचा काढा मूतखड्याच्या कळांवर देतात. कैरो येथे पावलोव्हचा शिष्य ग्लेब अन्रेप याच्या प्रयोगशाळेतील एका मदतनिसाने असाच काढा मूतखड्यासाठी घेतला असता त्याची हृदयशूलाची व्यथाही शमली, असे १९४० नंतरच्या दशकात अन्रेपच्या ध्यानी आले. खेल्लातील खेलिन या द्रव्याने आतड्यांच्या, मूत्रमार्गाच्या व श्वासनलिकांच्या स्नायूंचा ताठरपणा उतरतो हे सिद्ध झाले. परंतु त्याने मळमळ फार होई. खेलिनच्याच साच्यावर अधिक सौम्य, श्वासनलिका रुंदावणारे द्रव्य घडवावे, असा बेंजर्सच्या रसायनज्ञांचा बेत होता.

ही द्रव्ये प्रथम गिनीपिगांवर पारखली जात. अल्टून्यानला त्या प्राण्यांच्या केसांचे व कोंड्याचे वावडे होते, आणि याच वैगुण्याचा त्याने उपयोग करून घेतला. त्या कोंड्याचा पाण्यात अर्क काढावयाचा, त्याचे तुषार स्वतः हुंगून जाणूनबुजून दम्याची उबळ आणावयाची, आणि मग पहिल्या एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते ते यंत्रावर मोजावयाचे; दुसऱ्या दिवशी आधी नवे द्रव्य हुंगून तोच प्रकार पुन्हा करावयाचा आणि दोन आकड्यांतील अंतर वहीत नोंदावयाचे. हा क्रम सुमारे आठ वर्षे, शेकडो वेळा चालला. खेलिनच्या या वंशजांपैकी काही द्रव्ये श्वासनलिका मुळीच रुंदावीत नाहीत, तरीही अर्कापूर्वी घेतली असता उबळ येऊ देत नाहीत, ही अनपेक्षित गोष्ट त्यास याच वहीत सापडली. प्राण्यांवरील कसोटीत त्यांचा काहीच गुण दिसेना. तेव्हा ज्यांच्या हाती खर्चाची मंजुरी होती त्या वरिष्ठांना हे काम निरर्थक वाटले, आणि काही काळ ते अधिकृतपणे बंदही झाले. अल्टून्यान व त्याचे रसायनज्ञ सोबती यांनी ते वरिष्ठांच्या नजरेआड चालू ठेवले. कचेरीच्या दप्तरात हुकूम एक आणि कारखान्याच्या मागील खोलीत व्यवहार दुसरा, हा प्रकार आपल्याकडेच असतो असे समजण्याचे कारण नाही.

स्वदेहावर प्रयोग करणारे वैद्य पूर्वीही झाले. हॉल्डेन पितापुत्रांनी विषारी वायू स्वतः हुंगले, आणि त्यांतील पुत्र तर १९५७ मध्ये हिंदुस्थानात येऊन स्थायिक झाला. तथापि असल्या साहसाचे सरसकट कौतुक करण्यास माझे मन धजत नाही. एकाच मनुष्याचे फुप्फुस हे साऱ्या दमेकऱ्यांचे प्रतिनिधी होऊ शकत नाही; त्याच्या देहाने ज्या द्रव्यांना नाकारले, त्यांतील एखादे दुसऱ्या कोणास तारक ठरले असते की नाही, हे कोणी तपासले नाही. पण हेही तितकेच खरे की गिनीपिगाची साक्ष जेथे खोटी पडली तेथे या एका देहाची साक्ष खरी ठरली.

१९६५ च्या आरंभी तयार झालेले, कंपनीच्या यादीत एफपीएल ६७० अशी नोंद असलेले द्रव्य, म्हणजेच सोडियम क्रोमोग्लायकेट, त्याने हुंगले, आणि त्याने मिळणारे संरक्षण तासन्‌तास टिकू लागले. आता निराळीच अडचण उभी राहिली: हे द्रव्य पोटातून अंगी लागत नाही, म्हणून ते भुकटीच्या रूपाने थेट श्वासनलिकांत पोहोचविले पाहिजे. येथे त्यास युद्धकाळातील विमानाचा पंखा आठवला. विमानाचा पंखा हवा मागे लोटून विमानास पुढे ओढतो. त्याने रचलेल्या छोट्या नळीतील पंखा मात्र रोग्याने आत घेतलेल्या श्वासानेच फिरतो, त्यावर बसविलेली, भोके पाडलेली कुपी थरथरते, आणि वीस मिलिग्रॅम औषधाची भुकटी त्या श्वासाबरोबर आत जाते. या उपकरणास स्पिनहेलर म्हणत. जॅक हॉवेल या डॉक्टरांबरोबर केलेल्या पडताळणीचा वृत्तांत, ज्यात कोणास औषध व कोणास नुसती भुकटी दिली हे रोग्यासही ठाऊक नव्हते व वैद्यासही नव्हते, १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि पुढल्या वर्षी औषध इंटाल या नावाने बाजारात आले.

वेळ मोठी नाजूक होती. १९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत इंग्लंड व वेल्समध्ये दम्याने होणारे मृत्यू, विशेषतः दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे, कित्येक पटींनी वाढले होते, आणि आयसोप्रेनॅलिनच्या तीव्र फवाऱ्यांवर पुष्कळांचा संशय होता. धाप लागली की फवारा, पुन्हा धाप की पुन्हा फवारा, असा क्रम चाले. उबळ येण्यापूर्वी, बरे वाटत असतानाच रोज चार वेळा औषध घ्यावे, ही कल्पना अशा वेळी पुढे येणे महत्त्वाचे होते. द्रव्य नेमके काय करते याचा शोध मात्र नंतर लागला: वावड्याच्या पदार्थाचा स्पर्श होताच हिस्टामिनसारखी द्रव्ये सांडणाऱ्या मास्ट पेशींना ते आवरते, असे उंदरांवरील प्रयोगांनी दिसले, आणि पुढे तेवढेच उत्तर अपुरे आहे असेही अभ्यासकांस वाटू लागले.

१९७२ मध्ये हुंगावयाची स्टिरॉइडे आली, आणि ती अधिक गुणकारी ठरल्याने इंटालचा जोर हळूहळू ओसरला. अल्टून्यान १९८७ साली निवर्तला. होम्स चॅपेलच्या त्या द्रव्याचा आज बहुधा उरला आहे तो डोळ्यांचा औषधोपचार: धुळीने वा परागाने डोळे लाल होऊन खाज सुटलेल्या मुलाच्या पापण्या बोटांनी उघडून आई दिवसातून चार वेळा जे थेंब टाकते त्यांच्या कुपीवर बारीक अक्षरांत तेच लांबलचक नाव छापलेले असते, आणि मूल तेवढा वेळ डोळे घट्ट मिटून घेण्याची शिकस्त करीत असते.