तळाच्या ओळी : हिवाळी ऑलिंपिकमधील भारतीय संघाची नोंद

सौंदडला बर्फ दोनच रूपांत भेटतो. एक म्हणजे भुशात झाकून आणलेली लादी. ती मासोळीच्या पेटीत जाते, नाहीतर उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर येते. दुसरे रूप गारेचे. गार पडली की हातची लाखोरी आणि हरभरा जातो, म्हणून तिचे नाव कुणी आनंदाने घेत नाही. अशा गावात बसून बर्फावरच्या शर्यतींचा इतिहास लिहायचा म्हटले की ऐकणारा हसतो. मी त्याला एक कात्रण दाखवतो.

कात्रण २०१४ च्या फेब्रुवारीतले आहे. त्याच गठ्ठ्यातली पुढची पाने गारपिटीची आहेत. त्या वर्षी फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारांनी उभी पिके झोडपली होती. त्याआधीचे हे कात्रण रशियातल्या सोची शहरातल्या हिवाळी ऑलिंपिकचे. त्यात भारताचे तीन खेळाडू आहेत, पण भारत नाही. तिघे पाच वर्तुळांच्या ऑलिंपिक ध्वजामागून चालले होते. हे कसे घडले ते शोधायला बसलो आणि निकालांच्या याद्या तळाकडून वाचण्याची सवय लागली, कारण आपली नावे बहुधा तिथेच सापडतात.

सोळा नावे

हिवाळी ऑलिंपिक १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीत सुरू झाले. भारताचे नाव त्यात पहिल्यांदा आले ते १९६४ साली, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. तेव्हापासून २०२२ च्या बीजिंगपर्यंत भारत ११ हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. या ११ स्पर्धांतले सगळे खेळाडू मोजले तर नावे भरतात १६. त्यांत स्त्रिया दोन. सर्वांत मोठा संघ २००६ सालचा, तुरिनचा. त्यात चौघे होते. पदक एकही नाही.

पहिले नाव जेरेमी बुयाकोव्स्की यांचे. जन्म १९३९ चा, पोलंडमधला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधून भारतात आलेल्या माणसांची ओळख मराठी वाचकाला आहे ती कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीमुळे. बुयाकोव्स्की वेगळ्या वाटेने आले आणि भारतीय म्हणून उतरले. इन्सब्रुकला त्यांची उताराची शर्यत पूर्ण झाली नाही. चार वर्षांनी ग्रेनोबलला ते पुन्हा गेले. त्यानंतर थेट वीस वर्षांची पोकळी. १९८८ साली कॅनडातल्या कॅलगरीला तिघे गेले, तेव्हा ती भरली.

शेवटची म्हणजे कितवी?

कॅलगरीच्या तिघांत शैलजा कुमार होत्या. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली ही पहिली भारतीय स्त्री. शर्यत होती स्लॅलम : उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत खाली यायचे, एक काठी चुकली की बाद. असे दोन फेरे, दोन्हींची वेळ एकत्र. शैलजा कुमार यांचा क्रमांक २८वा, यादीत सर्वांत खाली.

बातमी एवढ्यावर संपते. पण यादीखाली आणखी एक यादी असते, पडलेल्यांची आणि बाद झालेल्यांची. त्या दिवशी उतरलेल्यांपैकी साधारण निम्म्या स्पर्धक दोन्ही फेरे पूर्ण करू शकल्या नव्हत्या. त्यांत बर्फातच वाढलेल्या देशांच्या मुलीही होत्या. तेव्हा शैलजा कुमार शेवटच्या होत्या हे खरे, आणि त्यांनी निम्म्या मैदानाला मागे टाकले हेही खरे. नोंद ठेवणाऱ्याने दोन्ही आकडे शेजारी लिहायला हवेत. आपण पहिला लिहितो आणि दुसरा गाळतो.

चाकांवरून बर्फावर

या सोळा नावांतले एक नाव सहा ऑलिंपिकमध्ये येते. शिवा केशवन, मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे. वडील केरळचे, आई इटलीची. शाळेत असताना पंचकुला इथल्या शिबिरात ऑस्ट्रियाचे माजी खेळाडू ग्युंथर लेमेरर यांनी त्यांना ल्यूज शिकवला. ल्यूज म्हणजे छोटी घसरगाडी. तिच्यावर पाठीवर झोपायचे, पाय पुढे, आणि बर्फाच्या वळणदार नाळीतून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने खाली यायचे. गाडीला ब्रेक नसतो. पोटऱ्यांच्या आणि खांद्यांच्या दाबाने ती वळवायची. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात.

अशी नाळ भारतात एकही नाही. म्हणून केशवन यांनी गाडीला चाके लावली आणि हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रकांच्या आणि मेंढ्यांच्या मधून सराव केला. १९९८ साली नागानोला ते उतरले तेव्हा वय १६, क्रमांक २८वा. पुढे सॉल्ट लेक सिटीला ३३वा, तुरिनला २५वा, व्हँकुव्हरला २९वा. तुरिनचा २५वा हा त्यांचा ऑलिंपिकमधला सर्वांत वरचा क्रमांक. आशियाई पातळीवर मात्र २०११ आणि २०१२ साली त्यांनी सुवर्णपदके जिंकली.

चाकांची ही वाट महाराष्ट्रालाही ओळखीची आहे. पुण्यात चाकांच्या स्केट्सवर धावणारी मुले बरीच. त्यांतूनच श्रुती कोतवाल बर्फावरच्या वेगवान स्केटिंगकडे वळली आणि आशियाई हिवाळी स्पर्धांपर्यंत पोचली. तिच्या खेळाला ४०० मीटरची बर्फाची धाव लागते. तीही देशात नाही, म्हणून सराव परदेशात करावा लागला. बर्फाचे डोंगर नसलेल्या राज्याला या खेळांशी काय देणेघेणे, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लडाख-गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत आज महाराष्ट्राची मुले स्केटिंगची पदके आणतात. त्यांची सुरुवात सिमेंटच्या अंगणातच होते.

झेंड्याविना तिघे

आता पुन्हा कात्रणाकडे. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय ऑलिंपिक संघटनेला निलंबित केले होते. निवडणुकीतला सरकारी हस्तक्षेप आणि आरोप असलेल्या व्यक्तींची उमेदवारी, ही कारणे. नवी निवडणूक घेतली की प्रश्न सुटणार होता. ती ठेवली ९ फेब्रुवारी २०१४ ला. सोचीचे उद्घाटन होते ७ तारखेला.

या दोन दिवसांच्या फरकात केशवन सापडले. त्यांची शर्यत ८ आणि ९ फेब्रुवारीला होती. त्याआधी सरावाच्या एका फेरीत ते गाडीवरून पडले, घसरत्या गाडीला धरून राहिले आणि चालत्या वेगात पुन्हा तिच्यावर चढले. ते दृश्य जगभर पाहिले गेले. ९ तारखेला इकडे संघटनेचे मतदान चालू होते आणि तिकडे त्यांची शर्यत संपत होती. क्रमांक ३७वा. नावापुढे देश नाही, ‘स्वतंत्र ऑलिंपिक सहभागी’ अशी नोंद. ११ तारखेला निलंबन उठले. १४ तारखेला नदीम इक्बाल १५ किलोमीटरच्या क्रॉस कंट्री स्कीइंगमध्ये ८५वे आले आणि १९ तारखेला हिमांशू ठाकूर जायंट स्लॅलममध्ये ७२वे. हे दोघे भारताचे म्हणून उतरले. १६ तारखेला क्रीडाग्रामात तिरंगा चढला.

एकाच संघातले तिघे. त्यांतला सर्वांत अनुभवी खेळाडू आपल्या पाचव्या ऑलिंपिकमध्ये देशाविना उतरला, तोही त्याच्या हातून काही चूक झालेली नसताना. त्या वर्षीची भारताची कामगिरी लिहायची तर फक्त ३७, ७२ आणि ८५ हे आकडे पुरणार नाहीत. तारखाही लिहाव्या लागतील, कारण कसूर तारखांत आहे.

झेंडा होता, पाहणारे नव्हते

आठ वर्षांनी बीजिंगला याच्या उलट घडले. काश्मीरचा आरिफ खान हा एकटाच खेळाडू. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान, म्हणजे बर्फ घरचाच. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या दोन्ही शर्यतींसाठी तो पात्र ठरला होता. उद्घाटनाला तिरंगा घेऊन तोच चालला. पण आदल्या दिवशी भारताने उद्घाटन आणि समारोपावर राजनैतिक बहिष्कार जाहीर केला होता. गलवानच्या चकमकीतल्या चिनी अधिकाऱ्याला मशालवाहक केल्याचा तो निषेध होता. दूरदर्शननेही दोन्ही सोहळे दाखवले नाहीत.

निषेधाचे कारण रास्त होते, त्यावर माझे दुमत नाही. पण झेंडा धरून चालणाऱ्या एकुलत्या एका माणसाला त्याच्या देशाच्या वाहिनीने दाखवले नाही, हीही इतिहासाची नोंद आहे. १३ फेब्रुवारीला बर्फ पडत असताना जायंट स्लॅलम झाली. जवळपास निम्मे स्पर्धक वाटेत गळाले. आरिफ दोन्ही फेरे पूर्ण करून ४५वा आला. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये तो स्वतः पहिल्याच फेरीत बाद झाला. चौतीस वर्षांपूर्वीच्या शैलजा कुमार यांच्या नोंदीशेजारी ही नोंद ठेवून पाहावी. उतार तोच प्रश्न विचारतो : तळापर्यंत पोचलात का?

नोंद कशी ठेवावी

केशवन २०१८ साली प्याँगचँगला ३४वे आले आणि थांबले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०२० साली, पहिल्या ऑलिंपिकनंतर बावीस वर्षांनी.

मी काही क्रीडातज्ज्ञ नाही. आयुष्यात स्की पायाला बांधलेली नाही, बांधण्याची शक्यताही नाही. पण कागद वाचता येतात. कागद सांगतात की या सोळा जणांच्या क्रमांकांत फक्त त्यांची ताकद मोजलेली नाही. नसलेली नाळ, नसलेली धाव, वीस वर्षांची पोकळी, उशिरा ठेवलेली निवडणूक हे सगळे त्या आकड्यांत मिसळलेले आहे. संघाची कामगिरी म्हणताना आपण खेळाडूंचा हिशेब मांडतो आणि संघटनेचा सोडून देतो.

गारपिटीनंतर गावात पंचनामा होतो. किती गेले याबरोबर किती उभे राहिले तेही तलाठी लिहून घेतो. दोन्ही रकाने भरल्याशिवाय कागद पुरा होत नाही. हिवाळी ऑलिंपिकच्या आपल्या नोंदवहीत दुसरा रकाना अजून कोराच आहे. या सोळा नावांपासून तो भरायला घेता येईल.