वकील-नेतृत्वाची मनोवृत्ती आणि संघटनेची वाढ : सिद्धगडच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन ग्रामीण तालुक्यांत वकिलीचा व्यवसाय बहुतांशी एकट्याच्या नावावर चालतो. दारावर एका नावाची पाटी, आत एक ज्येष्ठ वकील, एक कारकून आणि नुकतीच सनद मिळालेला एखादा कनिष्ठ, एवढाच त्या कार्यालयाचा संसार असतो. कामे मात्र साधी नसतात. कुळवहिवाट, वारसनोंदी, वनजमिनीवरील ताबा, धरणांसाठी आणि अलीकडे समृद्धी महामार्गासाठी झालेले भूसंपादन अशी ही प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. ज्येष्ठ वकील निवर्तले की अशील आपले दप्तर शोधत हिंडतात. ते दप्तर कोणाच्या हाती द्यायचे, हे ज्याच्या नावाची पाटी होती त्याने बहुधा ठरवलेले नसते.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी ओळखलेला आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ नुसार भागीदारांमध्ये अन्यथा करार नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने संपूर्ण भागीदारी संस्था विसर्जित होते. म्हणजे माणसामागे संस्था टिकावी असे वाटत असेल, तर ते आधीच ठरवावे लागते. मुंबईतील अमरचंद मंगलदास ही १९१७ पासूनची वकिली फर्म २०१५ मध्ये दोन भावांच्या दोन स्वतंत्र फर्ममध्ये विभागली गेली, तरीही काम थांबले नाही, कारण दोन्हीकडे ते सांभाळणारे भागीदार होते. तालुक्याच्या गावी अशी व्यवस्था क्वचितच आढळते.

नेत्याची मनोवृत्ती संघटनेला कशी वाढवते आणि कोठे थांबवते, याचे एक ठळक उदाहरण मुरबाड तालुक्याच्या इतिहासात आहे. ते एका वकिलाचे आहे, पण त्याच्या कार्यालयाचे नाही. क्रांतिकारक दस्ता आणि वकिली फर्म यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. मात्र काम कोणाच्या हाती सोपवायचे आणि किती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

भाई कोतवाल : सनदेपलीकडचे काम

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. प्रतिकूल परिस्थितीत त्यांनी कायद्याची पदवी मिळवली आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही भूषविले. त्या काळात अशा कुटुंबातील मुलाने वकील होणे म्हणजे घराण्याचे दैन्य एका पिढीत फिटणे होय. कल्याण किंवा मुंबईत वकिली थाटून त्यांनी सुखाने दिवस काढले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांचे लक्ष मात्र सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्याकडे होते. या पट्ट्यात भाताचे एकच मुख्य पीक. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की शेतकरी सावकाराकडून खावटीसाठी धान्य उचली, आणि कापणीनंतर ते सवाई-दिढीने फेडी. फेडता न आल्यास कर्जखतावर अंगठा, आणि शेवटी जमीन. असे प्रकरण न्यायालयात येई तेव्हा कर्जखत पूर्ण झालेले असे. वकिलाने कितीही चांगली उलटतपासणी घेतली तरी अंगठा पुसला जात नसे. कोतवालांनी धान्यकोठ्या उभारल्या. गावाचेच धान्य गावात साठवून अडलेल्याला द्यायचे, म्हणजे कर्जखताची वेळच येत नाही. त्याबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांत स्वयंसेवी शाळा सुरू केल्या, जेणेकरून अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचता यावा.

येथे नेत्याची मनोवृत्ती स्पष्ट दिसते. अशिलाचे अज्ञान हे वकिलाचे भांडवल असते, हे कटू असले तरी खरे आहे. कोतवालांनी नेमके तेच भांडवल खर्चून टाकले. शाळेला शिक्षक लागतो, कोठीला हिशेब ठेवणारा लागतो. म्हणजे प्रत्येक गावात जबाबदारी घेणारा एकेक माणूस तयार होत गेला. संघटनेची वाढ झाली ती येथे, भाषणांच्या मैदानावर नव्हे.

आझाद दस्ता

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाल्यानंतर कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या दस्त्यात सुमारे पन्नास जण होते, आणि त्यांत शेतकऱ्यांबरोबर स्वयंसेवी शाळांचे शिक्षकही होते, ही बाब माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. हे लोक काही आठवड्यांत गोळा झालेले नव्हते. आधीच्या वर्षांतील शाळांनी व कोठ्यांनी त्यांना घडविले होते. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांमधून मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज जाई. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने त्या वाहिनीचे अकरा मनोरे पाडले. साम्राज्याची नस कोठे आहे हे त्यांनी अचूक हेरले होते.

२ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याचा तळ घेरला. हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल तेथे हुतात्मा झाले. कोतवालांचे वय तिसाव्या वर्षाच्या थोडे पुढे होते. त्या पहाटेनंतर दस्ता पूर्वीच्या रूपात पुन्हा उभा राहिला नाही.

यावर केवळ नेतृत्वाची मर्यादा असा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. सशस्त्र भूमिगत गट गुप्तता पाळतो, आणि गुप्ततेमुळे निर्णय एकाच्या हाती एकवटतात. तरीही शाळा आणि कोठ्या उभारताना जो नेता जबाबदारी वाटत गेला, त्यालाच दस्त्यात ती स्वतःकडे ओढावी लागली, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण त्याच्याशेजारी ठेवून पाहावे. गोदावरी परुळेकर याही कायद्याच्या पदवीधर. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणूच्या वारली पाड्यांवर वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथील गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. परुळेकरांवर जिल्हाबंदीचे हुकूम बजावले गेले, तरी लढा मोडला नाही. पाड्यापाड्यांवर वारल्यांमधूनच कार्यकर्ते उभे राहिले होते, आणि बाईंना हद्दीबाहेर काढले तरी त्यांना हद्दीबाहेर काढता येत नव्हते. हा लढा खुला होता, त्यामुळे त्याची तुलना दस्त्याशी सरसकट करता येणार नाही, एवढे भान ठेवलेच पाहिजे.

आजचा संदर्भ

शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडमधील काही गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. येथे वनहक्क कायदा, २००६ ची अंमलबजावणी होताना कोतवालांचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. ग्रामसभा दहा ते पंधरा सदस्यांची वनहक्क समिती निवडते. समिती जागेची पाहणी करून पुरावे गोळा करते. मग प्रकरण उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जाते. यात वकीलपत्राची गरज नाही. तरीही काही गावांत संपूर्ण फाईल एखाद्या जाणत्या कार्यकर्त्याच्या घरी असते, आणि तो मुंबईला नोकरीसाठी गेला की दावा तेथेच थांबतो. काही गावांत नकाशा एकाकडे, ठराववही दुसरीकडे आणि पंचनामा तिसऱ्याकडे असतो. अशी फाईल जमवायला वेळ लागतो, पण ती हरवत नाही.

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी लोक जमतात. कायद्याच्या नियमांत दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हा पुरावा म्हणून मान्य आहे. ते निवेदन गावातल्याच कोणीतरी लिहून घ्यावे लागते.