ईडेलच्या वाटा कोणी राखल्या?

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मध्ये ईडेल नावाचे लहानसे गाव आहे. उत्तरेला किंडर स्काउटचे 636 मीटर उंचीचे पठार, दक्षिणेला मॅम टॉरपासून पूर्वेकडे गेलेली डोंगराची सोंड आणि मधल्या खोऱ्यात दगडी कुंपणांनी आखलेली कुरणे. स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे पोचणारी सुमारे 430 किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही पायवाट याच गावातून सुरू होते. इथे येणारा माणूस पायवाटेवर लागणारे कोणाच्याही शेतातले फाटक उघडतो, ते मागे लावून घेतो आणि मालकाला न विचारता पुढे चालू लागतो. हे सारे इतके सहज चालते, की या वाटा निसर्गानेच गावाला दिल्या असाव्यात असे वाटते. तसे नाही. पोटापाण्यासाठी चालणाऱ्यांनी त्या पाडल्या, जमीनदारीने त्यांतल्या अनेक बंद केल्या आणि सामान्य माणसांनी शंभर वर्षांहून अधिक काळ झगडून त्या पुन्हा मोकळ्या केल्या. ईडेलची आजची शांतता ही त्या झगड्याची कमाई आहे.

या वाटा मुळात फिरण्यासाठी नव्हत्याच. मध्ययुगात हा सगळा मुलूख राजाच्या शिकारीचे राखीव रान होता आणि खोऱ्यात गुराख्यांचे पाच तळ होते. अपर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ, ऑलरब्रुक बूथ आणि नेदर बूथ या आजच्या वस्त्या त्याच तळांवर उभ्या आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा गुरांच्या व गुराख्यांच्या पायांनी मळल्या. सतराव्या शतकात गावात प्रार्थनामंदिर उभे राहीपर्यंत ईडेलमधल्या मृतांना पुरण्यासाठी हॉलिन्स क्रॉसची खिंड चढून पलीकडच्या कॅसलटनला न्यावे लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोऱ्यात सूतगिरणी निघाली, तेव्हा कॅसलटनच्या कामगार बायका तीच खिंड उलट्या दिशेने ओलांडून कामावर येऊ लागल्या. पश्चिमेकडची ‘जेकब्ज लॅडर’ ही चढण ओझ्याच्या घोड्यांच्या मार्गावर आहे. जेकब मार्शल नावाच्या शेतकऱ्याने अठराव्या शतकात तिथे पायऱ्या खोदल्या, म्हणून तिला त्याचे नाव पडले. आज सहल म्हणून चढली जाणारी जवळजवळ प्रत्येक वाट पूर्वी कोणाच्या तरी रोजच्या कष्टाची वाट होती.

मग या वाटांवर बंदी आली कशी? एकोणिसाव्या शतकापर्यंत संसदेच्या मंजुरीने देशभर सामाईक कुरणे आणि माळराने खाजगी मालकीत वाटली गेली. किंडरचे पठारही त्यातून सुटले नाही. तिथे ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीची राने राखली गेली. वर्षातले मोजके दिवस होणाऱ्या या शिकारीसाठी वर्षभर पहारा बसला. 1815 च्या कायद्याने तर दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना ‘अनावश्यक’ वाट बंद करण्याचा अधिकार दिला, आणि न्यायदंडाधिकारी सहसा जमीनदार वर्गातलेच असत. नेमक्या याच काळात पायथ्याच्या शहरांत गिरण्या आणि पोलादाचे कारखाने वाढत होते. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगाराला रविवारी मोकळी हवा हवी होती. 1894 मध्ये रेल्वे ईडेलला पोचली आणि डोंगर त्याच्या आवाक्यात आला. 1900 मध्ये शेफील्डच्या जी. एच. बी. वॉर्ड यांनी कामगारांची ‘क्लॅरियन रँब्लर्स’ ही चालणाऱ्यांची मंडळी सुरू केली. तिची पहिली पदयात्रा ईडेल स्टेशनवर उतरून किंडरभोवती फिरली. माथ्यावर जाण्याची मात्र मुभा नव्हती.

माथा मोकळा करण्याच्या प्रयत्नातली सर्वांत गाजलेली घटना 24 एप्रिल 1932 ची. त्या रविवारी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने काही शे कामगार किंडरच्या पायथ्याच्या हेफील्ड गावातून निघाले आणि बंदी मोडून किंडरवर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, ईडेलच्या बाजूनेही एक तुकडी येऊन मिळाली. परतताना सहा जणांना अटक झाली. परक्या जमिनीत पाऊल टाकणे हा फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून आरोप दंगलीचे आणि मारहाणीचे ठेवण्यात आले. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. या शिक्षेने लोक हळहळले, चिडले. काही आठवड्यांनी जवळच्याच विनट्स पासमध्ये भरलेल्या सभेला सुमारे 10,000 माणसे जमली.

यावर पहिला आक्षेप असा, की या बंडाला फाजील श्रेय दिले जाते. त्यात तथ्य आहे. चालणाऱ्यांच्या अधिकृत संघटनांनी त्या दिवशीच्या कृतीला विरोध केला होता. आपली वाटाघाटींची मेहनत वाया जाईल अशी त्यांना भीती होती. खरोखरच त्यांचे काम फार जुने आणि चिवट होते. मँचेस्टरमध्ये पायवाटा वाचवणारी संस्था 1826 मध्येच निघाली होती. हेफील्डहून स्नेक इनला जाणारी वाट पुराव्यांनिशी भांडून 1897 मध्ये खुली झाली. डोंगर मोकळे करण्याचे विधेयक जेम्स ब्राइस यांनी 1884 मध्ये संसदेत मांडले होते. पण ब्राइस यांचे विधेयक 1884 चे आणि राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा 1949 चा, यांमधले अंतर पाहा. नुसत्या अर्जविनंत्यांनी पासष्ट वर्षे काढली. अर्ज लिहिणाऱ्यांनी कायद्याचा मसुदा तयार ठेवला आणि तुरुंगात गेलेल्यांनी तो प्रश्न घरोघर पोचवला. एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याचे कारण नाही. 1951 मध्ये ईडेल ज्यात येते ते पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. 1935 मध्ये पत्रकार टॉम स्टीफन्सन यांनी सुचवलेली पेनाइन वे 1965 मध्ये खुली झाली, तीही 24 एप्रिललाच.

दुसरा आक्षेप मालकीचा आहे: जमीन ज्याची, वाटेचा निर्णयही त्याचाच असायला नको का? इंग्लंडच्या कायद्याने याचे दिलेले उत्तर मला न्याय्य वाटते. 1932 च्याच एका कायद्याने आणलेल्या नियमानुसार, लोक एखाद्या वाटेने 20 वर्षे अडथळ्याविना, हक्काने चालत आले असतील, तर मालकाने ती सर्वांसाठी सोडली आहे असे धरले जाते. तसा हेतू नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. जमीन त्याचीच राहते, फक्त वहिवाट अडवता येत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे तत्त्व परके नाही. इंग्रजी कायद्याच्याच धर्तीवर झालेल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही वहिवाटीसाठी 20 वर्षांचीच अट आहे. फरक असा, की तो हक्क सहसा शेजारच्या जमिनीच्या मालकाला मिळतो. ईडेलची वाट मात्र त्या खोऱ्यात हातभर जमीन नसलेल्या गिरणी कामगाराचीही आहे. 1949 च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, आणि एकदा नकाशावर आलेली वाट कोणाला परस्पर पुसता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: मोकळीक दिली की माणसे डोंगर तुडवून टाकतात. किंडरवरचा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, थर खरोखरच उघडा पडला. त्यात गिरण्यांच्या धुराचा, वणव्यांचा आणि मेंढ्यांच्या चराईचा वाटा मोठा असला, तरी ग्राइंड्सब्रुकमधून वर जाणारी पेनाइन वेची मूळ वाट पावलांनीच झिजली आणि ती जेकब्ज लॅडरकडे वळवावी लागली. पण उपाय बंदीचा झाला नाही. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या दगडी फरश्या हेलिकॉप्टरने आणून दलदलीवर अंथरल्या गेल्या आणि उघड्या पीटवर पुन्हा शेवाळ, गवत रुजवले गेले. ज्यांना तिथे चालायचे होते, त्यांच्या संस्थाही या कामाला पुढे आल्या. ज्या डोंगरावर आपला हक्क आहे, त्याची झीज माणूस आपली मानतो.

2000 च्या कायद्याने डोंगर, माळराने आणि सामाईक जमिनींवर वाट सोडूनही फिरण्याचा हक्क दिला. 2002 मध्ये, 1932 च्या घटनेच्या सत्तराव्या स्मरणदिनी, त्या वेळी किंडरवर मालकी असलेल्या घराण्यातील डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकनी आपल्या घराण्याच्या वतीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तरीही फिरण्याचा तो हक्क इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के भूमीला लागू आहे. त्याच कायद्याने जुन्या पण नकाशावर न आलेल्या वाटांच्या नोंदीसाठी 2026 ही अखेरची मुदत ठरवली. पुढे ती 2031 पर्यंत वाढली आणि 2024 च्या अखेरीस सरकारने ती रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. म्हणजे कायदा झाल्यावरही जागे राहावे लागते. वाट चालल्याने टिकते, कागदावर आल्याने पक्की होते आणि तिच्यासाठी कोणी उभे राहिले तरच पुढच्या पिढीला मिळते. ईडेलचा इतिहास या तिन्ही गोष्टींची साक्ष देतो, आणि यांतली एकही वगळून चालत नाही.