म्हातारं मांजर ट्रेबाहेर शू करतंय? ओरडण्याआधी हे तपासा

भोपाळ : दहा-बारा वर्षं नेमाने ट्रेमध्ये जाणारं मांजर एकाएकी पलंगावर, पायपुसण्यावर नाहीतर देवघरापाशी शू करू लागलं, की घरात निकाल ठरलेला असतो, 'मुद्दाम करतंय'. मग ओरडा, चापट आणि शेवटी पोत्यात घालून बाजाराजवळ सोडून येणं. भोपाळ काय की सीमेपलीकडे आपलं वरुड-नागपूर काय, बोलणं तेच ऐकू येतं. पण म्हातारपणी सुरू झालेली ही सवय बहुधा खोड नसते, दुखणं असतं. बारा वर्षांचं मांजर माणसाच्या हिशेबात साधारण ६४ वर्षांचं. त्या वयात आपल्याकडे आजोबांना कुणी ओरडत नाही, तपासायला नेतात.

पहिला संशय मूत्रपिंडावर घ्यावा. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो. मांजर पाणी जास्त पितं, शू जास्त होते, ट्रे लवकर भरतो आणि ओला ट्रे त्याला चालत नाही. मधुमेह आणि थायरॉइड वाढल्यावरही तहान-शू वाढते. अशा वेळी 'पाणी कमी ठेवा म्हणजे शू कमी होईल' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भोपाळचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो. पाणी तोडलं तर मूत्रपिंड आणखी बिघडेल.

दुसरं कारण सांधे. १२ वर्षांवरच्या मांजरांच्या एक्स-रेची पाहणी झाली तेव्हा सुमारे ९० टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, फक्त उडी मारणं कमी करतं. म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय उचलून जाणं दुखतं, मग ते ट्रेच्या शेजारीच बसतं. इथे एक धोका : दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या इतर वेदनाशामक गोळ्याही नकोत.

बोका कण्हत असेल तर थांबू नका

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, जोर करतो, ओरडतो, पण थेंबभरच शू येते किंवा येतच नाही, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. ही तातडीची वेळ. एक-दोन दिवसांत जीव जातो. 'सकाळी बघू' नको. शूमध्ये रक्त दिसलं तर तेही त्याच दिवशी दाखवा.

ट्रेचा बंदोबस्त

खर्च फार नाही. प्लास्टिकचा रुंद टब घ्या, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावा. एका बाजूचा काठ कापून दोन-अडीच इंचांवर आणा, कापलेल्या कडेला जाड टेप लावा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून खाली जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट हवी. वाळू बारीक, बिनवासाची, दीड इंच पुरे. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि घर दुमजली असेल तर दोन्ही मजल्यांवर. ट्रे वॉशिंग मशीनजवळ किंवा कुत्र्याच्या वाटेत नको. रात्री तिथे छोटा दिवा असू द्या. नजर कमी झालेली असते, आणि पंधरा वर्षांपुढच्या काही मांजरांना जागाच आठवत नाही. मळ दिवसातून दोनदा काढा. वाळू बदलायची तर जुनीत थोडी थोडी मिसळून बदला.

साफसफाईत आपल्याकडे हमखास चूक होते ती फिनाईलची. फिनॉल पचवण्याची ताकद मांजराच्या यकृतात नाही. पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. अमोनियाचं क्लीनरही नको, त्याचा वास शूसारखाच, मांजर पुन्हा तिथेच येईल. आधी रद्दीने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइम क्लीनर वापरा. लिंबाच्या सालींचं घरगुती बायोएन्झाइम ते हे नव्हे.

डॉक्टरकडे जाताना

आठवडाभराची वही ठेवा : कधी, कुठे, किती, शू की शी. बसून केली की उभं राहून भिंतीवर उडवली, हेही लिहा, दोन्हीची कारणं वेगळी असतात. मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर उत्तम. रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला सांगा. भोपाळमध्ये जहांगीराबादला राज्य पशुचिकित्सालय आहे. मध्य प्रदेशात महू आणि जबलपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिकडच्यांना नागपूरचं सेमिनरी हिल्सचं. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर; गाडी मुख्यतः गुरांसाठी असली तरी विचारायला हरकत नाही.

आणि पोत्याची वाट धरण्याआधी लक्षात घ्या, प्राण्याला उपाशी-तहानेलं मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे.